लेस्टरचा 2015-16 चा सीझन: कात्रणं, प्रोग्राम, जर्सी कशी लावायची आणि कशी टिकवायची?

निळा_कोल्हा (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार मंडळी. लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने प्रीमियर लीग जिंकली त्याला 2 मे 2026 ला दहा वर्षं होतात. त्या सीझनचं जमवलेलं सगळं एका पत्र्याच्या पेटीत आहे. ते आता लावायचंय, आणि आठवडाभर हॉलच्या भिंतीवर मांडायचंय. पेटीत आहे ते असं:

सुमारे 140 कात्रणं. बरीचशी इथल्या इंग्रजी आणि गुजराती पेपरांतली, काही लेस्टरहून आलेल्या स्थानिक पेपरची अख्खी पानं. निम्म्यांवर तारीख नाही. वीसेक कात्रणं वहीत सेलोटेपने चिकटवलेली, टेप तपकिरी झालाय.

घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे 12 प्रोग्राम (सामन्याच्या दिवशी मिळणारी पुस्तिका), पिना गंजलेल्या. तीन तिकिटं, अक्षरं पुसट होत चाललेली. मागे 9 नंबर आणि स्ट्रायकर वार्डीचं नाव असलेली जर्सी, बाहीवर सोनेरी बिल्ला, नंबर थोडा चिकट लागतो.

विचारायचंय हे: क्रम कसा लावू? तारखा कशा शोधू? भिंतीवर काय लावू? झेरॉक्सवाला म्हणतो सगळं लॅमिनेट करून देतो, दोन दिवसांचं काम. करू का?

खमण_लोचो

लॅमिनेट करून टाका भाऊ. पाणी लागत नाही, हाताळायला सोपं, भिंतीला डबल टेपने थेट चिकटतं. उगाच डोक्याला ताप नको.

पोथीपान

कृपा करून लॅमिनेट करू नका. एकदा केलं की परत काढता येत नाही, आणि तुमच्या पेटीतल्या तीन वस्तू तर त्यात सरळ मरतील.

पहिली म्हणजे तिकिटं. पुसट होतायत याचा अर्थ ती बहुधा थर्मल कागदाची आहेत, दुकानाच्या बिलासारखी. त्या कागदावर अक्षर उमटतं तेच उष्णतेने. लॅमिनेटरचे रोलर शंभर अंशांच्या वर तापतात, तिकीट आत जाताना पांढरं आणि बाहेर येताना काळं. इतर सगळं सोडून आजच्या आज ती तिकिटं स्कॅन करा.

दुसरी, पेपर. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. लॅमिनेशनमध्ये ते आम्ल आतच कोंडतं. वरून चकाकतं, आत कागदाचा पापड होतो.

तिसरी, वहीतली टेपवाली कात्रणं. टेपचा गोंद उष्णतेने वितळून अक्षरांत पसरेल.

एकच नियम धरा: भिंतीवर प्रत, पेटीत मूळ. बाकीचं त्यातून आपोआप ठरतं.

स्कॅनिंगचं: मजकुराला 400 डीपीआय पुरतं, छोट्या फोटोंना 600. कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवा. पेपर पातळ असतो, पांढरं झाकण मागे असलं की उलट बाजूच्या जाहिराती समोर उमटतात. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, छापायला वेगळी जेपेग काढा. छापील फोटो ठिपक्यांचा असतो, त्यामुळे प्रतीत जाळी दिसते. ती घालवायला स्कॅनरमधला डीस्क्रीन पर्याय फक्त छपाईच्या प्रतीसाठी वापरा, मूळ फाईलसाठी नाही. अख्खं पान स्कॅनरवर मावणार नाही, तेव्हा तुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर 3-4 सेंटीमीटर चढू द्या. मोबाईलने काढणार असाल तर फोन पानाला समांतर, दोन दिवे दोन बाजूंनी 45 अंशात, फ्लॅश बंद. आणि ॲपमधलं ते ‘एन्हान्स’ बंद करा, त्यात फोटोतल्या सावल्या उडतात.

कात्रणावर बॉलपेन किंवा जेल पेन चालवू नका. मागच्या कोऱ्या कडेला 2बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा.

चारचारदोन

तारखांचं सांगतो. हे वाटतं तितकं अवघड नाही, कारण या सीझनची गुणांची शिडीच अशी आहे की तीच कॅलेंडरचं काम करते. कात्रणात कुठेही पॉइंट टेबल असेल किंवा ‘लेस्टर आता इतक्या गुणांवर’ असं वाक्य असेल, तर सामना सापडला. क्रमाने गुण असे चढले:

3, 6, 7, 8, 11, 12, 12, 15, 16, 19, 22, 25, 28, 29, 32, 35, 38, 38, 39 (इथे 19 सामने संपले), मग 40, 43, 44, 47, 50, 53, 53, 56, 57, 60, 63, 66, 69, 72, 73, 76, 77, 80, 81.

अख्ख्या शिडीत तीनच आकडे दोनदा येतात: 12, 38 आणि 53. कारण सरळ आहे, पराभवच तीन. आर्सेनलकडून 26 सप्टेंबरला 2-5, लिव्हरपूलकडून 26 डिसेंबरला 0-1, पुन्हा आर्सेनलकडून 14 फेब्रुवारीला 1-2. या तीन ठिकाणी ‘खेळलेले सामने’ हा रकाना पाहा, गुंता सुटतो. नाताळच्या दिवशी टेबलात लेस्टर 38 गुणांसह पहिला होता. आदल्या वर्षी त्याच दिवशी 10 गुणांवर शेवटचा. ही दोन टेबलं तुमच्याकडे असतील तर शेजारी शेजारी लावा, खाली ओळ लिहायची गरज नाही.

आता जिथे हमखास चूक होते ते. जानेवारी 2016 मध्ये टॉटनहॅमशी दहा दिवसांत तीन सामने झाले: 10 तारखेला एफए कपमध्ये (लीगहून वेगळी, बाद फेऱ्यांची स्पर्धा) त्यांच्याकडे 2-2, 13 ला लीगमध्ये त्यांच्याकडेच बचावपटू हुथच्या 83 व्या मिनिटाच्या हेडरवर 1-0, आणि 20 ला कपची फेरलढत लेस्टरला, 0-2. तुमच्या ढिगात ‘लेस्टर-टॉटनहॅम’ म्हणून ही तिन्ही एकत्र पडली असणार. कपच्या बातमीत लीगचे गुण नसतात, तीच ओळखायची खूण. 20 जानेवारीचा प्रोग्राम घरच्या सामन्याचाच आहे पण लीगच्या 19 मधला नाही. 22 सप्टेंबरचा वेस्ट हॅमविरुद्धचा लीग कपचाही तसाच. तुमचे 12 मोजताना हे दोन वेगळे काढा.

दुसरी चूक वेळेची. इंग्लंडमध्ये दुपारी 3 ची मॅच आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी 7:30 ला, हिवाळी वेळेत 8:30 ला. त्या वर्षी घड्याळं 25 ऑक्टोबर 2015 ला मागे गेली आणि 27 मार्च 2016 ला पुढे आली. आठवड्यातल्या रात्रीच्या मॅच आपल्या मध्यरात्रीनंतर, आणि तोवर पेपर छापून झालेला असतो. हुथचा तो गोल इथल्या घड्याळात 14 जानेवारीच्या पहाटे झाला, म्हणजे ऐन उत्तरायणाच्या दिवशी. वहीवर ‘13’ लिहिलं तरी कात्रण त्याच्या दोन दिवस पुढचं निघू शकतं. विजेतेपद ठरवणारी चेल्सी-टॉटनहॅम 2-2 ही मॅच तिकडे सोमवारी 2 मे च्या रात्री 8 ला सुरू झाली, इथे 3 मे चे 12:30. संपेपर्यंत अडीच वाजत आले. त्यामुळे मंगळवारच्या पेपरात ती बातमी शोधत बसू नका, बुधवार 4 मे चा अंक शोधा.

म्हणून प्रत्येक नोंदीला दोन तारखा द्या: मॅचची (तिकडची) आणि पेपरची. फाईलचं नाव वर्षापासून सुरू करा: 2016-01-13, मग सामना, मग पेपरची तारीख. संगणक आपोआप ओळीत लावतो.

अजून एक. ‘विजेतेपदाच्या दिवसाचा प्रोग्राम’ म्हणून कोणी काही विकत असेल तर तो चेल्सीच्या मैदानाचा असतो. लेस्टर त्या रात्री खेळतच नव्हता. चषक हातात दिला तो 7 मे ला, एव्हर्टनला 3-1 हरवलं तेव्हा. घरच्या प्रोग्रामांतला तोच सगळ्यात मोलाचा.

निळा_कोल्हा

गुणांची शिडी जबरदस्त! तासाभरात 40 कात्रणं लागली. पोथीपान, दोन शंका: वहीतला सेलोटेप काढू का? आणि कात्रणं चिकटवायची कशाने? फेव्हिकॉल चालेल?

पोथीपान

टेपची पट्टी स्वतःहून सुटत असेल तर बोटांनी उचलून घ्या, गोंद वाळून भुकटी झालेला असतो. अजून चिकट असेल तर केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा लांबून द्या आणि पट्टी स्वतःवरच दुमडत, कागदाला जवळजवळ समांतर ओढा. वर उचलून ओढली की अक्षरं टेपबरोबर येतात. तपकिरी डाग कागदात मुरला असेल तर तो जाणार नाही. पेट्रोल, थिनर वगैरेच्या नादाला लागू नका, शाई पसरते. खरं तर वही ही वस्तू म्हणूनच ठेवण्यासारखी आहे. पानांमध्ये आम्लमुक्त कागद घाला आणि वही तशीच राहू द्या.

फेव्हिकॉल नको. वाळल्यावर तो सोडवता येत नाही. कात्रणं चिकटवायचीच नाहीत, कोपऱ्यात अडकवायची किंवा पारदर्शक पाकिटात ठेवायची. पाकीट पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, पीव्हीसीचं नको. नव्या रेनकोटसारखा वास आला तर संशय घ्या. खात्री करायची तर तांब्याची तार तापवून प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे गच्चीवर करा, धूर वाईट असतो.

फाटलेलं सांधायला मात्र खळ लागते. मैद्याचा घट्ट गोळा मळा, अर्ध्या तासाने पातेल्यातल्या पाण्यात चोळून धुवा. चिकट गोळा हातात उरतो, पांढरं पाणी खाली. ते दोन-तीन तास निवळू द्या, वरचं पाणी ओता. कुरडईला काढतो तसाच चीक, फक्त आंबू द्यायचा नाही. एक भाग चीक, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर 20-25 मिनिटं हलवत शिजवा, पारदर्शक झाला की गाळा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, वास आला की फेका. जुने बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका, तांब्याने कागद लवकर सडतो. कागद दुरुस्तीच्या पातळ टिश्यूची (हात पुसायच्या नाही) बोटाएवढी पट्टी फाडून (कापून नाही, फाडलेल्या कडेचे तंतू धरतात) अगदी कमी खळ लावून मागून बसवा, वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन. खळ जास्त झाली की न्यूजप्रिंट लगेच सुरकुततो.

आणि हातकागद म्हणजे आम्लमुक्त असं समजू नका. तुरटी घालून केलेला हातकागदही असतो. पीएच तपासायचं पेन मिळतं, रेघ जांभळी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर तो कागद परत करा.

दोरा_सुई

प्रोग्रामच्या पिना: पिन काढायच्या यंत्राने ओढू नका. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवा, बोथट चाकूने पाय उभे करा आणि मागून पिन ढकला. गंजाने कागद धरला असेल तर पिन आधी हलकेच डावी-उजवीकडे हलवून सोडवा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून गाठ आतल्या बाजूला मारा, आपल्याकडे व्यापाऱ्यांचे चोपडे शिवायचे तसं. नवी भोकं पाडू नका.

आता जर्सी. बाहीवर सोनेरी बिल्ला आहे म्हणता, मग ती बहुधा 2015-16 ची नाही. सोनेरी बिल्ला गतविजेत्याला पुढच्या सीझनमध्ये मिळतो. म्हणजे जर्सी 2016-17 ची, किंवा बिल्ला नंतर कुणीतरी लावलेला. मांडणीत ती शेवटच्या फळ्यावर ‘पुढचं वर्ष’ म्हणून लावा. वार्डीच्या विक्रमाशेजारी टांगली तर जाणकार पहिल्या मिनिटाला बोट ठेवेल.

नंबर चिकट लागतो कारण तो उष्णतेने चिकटवलेल्या पॉलीयुरेथेनचा असतो. दमट हवेत ते विघटतं, आधी चिकट होतं, मग भेगा. परत पहिल्यासारखं होत नाही, फक्त वेग कमी करता येतो. उलटी करून गार पाण्यात, सौम्य द्रव साबणाने हाताने धुवा. पिळू नका, कम्फर्टसारखं काही घालू नका, इस्त्री अजिबात नाही. सावलीत आडवी वाळवा. नंबरावर सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद ठेवा, मेण लावलेला नको. घडी नंबरावर येता कामा नये. त्यापेक्षा मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर, नंबर बाहेरच्या बाजूने येईल अशी सैल गुंडाळा.

फ्रेम करायची असेल तर खोल चौकट सांगा, निदान 4 सेंटीमीटर, म्हणजे काच कापडाला टेकत नाही. दुकानदार सहसा टाचण्या किंवा गोंदाने बसवतात. टाचण्या गंजतात. धुतलेला मांजरपाट ताणलेल्या बोर्डावर बाजूच्या शिवणींतून लांब टाके घालून बसवायला सांगा. टाका शिवणीतून, जाळीच्या कापडातून नाही. पश्चिमेची भिंत टाळा.

सहावा_नंबर

भिंतीवर काय लावायचं, यावर माझं मत. सगळे वार्डीचा विक्रम आणि चषक लावतात. विक्रम लावाच: 29 ऑगस्टला बोर्नमथपासून 28 नोव्हेंबरला मँचेस्टर युनायटेडपर्यंत सलग 11 सामन्यांत गोल, एकूण 13, व्हॅन निस्टलरॉयचा 10 चा विक्रम मोडला. पण सीझन जिंकला तो बचावाने, आणि ते कात्रणांतून दाखवता येतं.

दोन फळे करा, पहिले 19 आणि नंतरचे 19. पहिल्या अर्ध्यात 37 गोल केले, 25 खाल्ले, 39 गुण. दुसऱ्यात 31 केले, 11 खाल्ले, 42 गुण. गोल कमी झाले आणि गुण वाढले. पहिल्या नऊ सामन्यांत एकदाही क्लीन शीट (एकही गोल न खाता संपलेला सामना) नव्हती. प्रशिक्षक रानिएरीने पोरांना पिझ्झा कबूल केला तो यासाठीच, आणि पहिली क्लीन शीट आली 24 ऑक्टोबरला, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0. त्याच सुमारास डावीकडे फुक्स आणि उजवीकडे सिम्पसन संघात स्थिरावले. मधल्या पट्ट्यात कांते होताच. मग 27 फेब्रुवारी ते 3 एप्रिल सहा सामने: नॉर्विच, वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउथॅम्प्टन, पाचही 1-0, मध्ये फक्त वेस्ट ब्रॉमशी 2-2. ही पाच छोटी कात्रणं एका ओळीत लावा. मोठ्या मथळ्यांत हरवतात, पण आर्सेनलकडे 95 व्या मिनिटाला हरल्यावर संघ कसा उभा राहिला ते यांच्यातच आहे.

चारचारदोन

सहावा_नंबर, बचावाचं मान्य, पण 6 फेब्रुवारीचं मँचेस्टर सिटी 1, लेस्टर 3 गाळू नका. त्यांच्या मैदानावर, हुथचे दोन, माहरेझचा एक. तोवर ‘आता घसरतील’ असं लिहिणाऱ्या पेपरांचा सूर त्यानंतर बदलला. तारखा लागल्या की आधीची आणि नंतरची मतं शेजारी लावा, लोक तिथेच जास्त वेळ थांबतात.

गुजराती कात्रणं तशीच लावा. वडोदऱ्यात गुजराती वाचता येत नाही असा माणूस विरळा, आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरही तीच भाषा चालते. खाली मराठीत फक्त सामना आणि दोन तारखा पुरेत.

पोथीपान

शेवटी पेटी. पत्र्याची पेटी वाईट नाही, आतून गंज नसेल तर. गंज असेल तर घासून, रंगवून महिनाभर उघडी ठेवा, रंगाचा वास गेल्याशिवाय कागद आत नको. कात्रणं उभी नाही, आडवी. कसर दिसली तर त्या गठ्ठ्याला जाड पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. जर्सी यात घालू नका. डांबरगोळ्या नकोत, प्लास्टिकची पाकिटं आणि जर्सीचा नंबर दोन्ही बिघडतात. घोडावजेचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवले तर चालतं, फक्त कागदाला थेट टेकू देऊ नका. आत छोटं आर्द्रतामापक ठेवा. 65 टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीची वेळ आली. निळं किंवा केशरी सिलिका जेल घाला, रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये पेटी उगाच उघडू नका.

पेटी तळमजल्यावर असेल तर वर न्या. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी शिरलंच तर लक्षात ठेवा, प्रोग्रामचा गुळगुळीत कागद ओला असेपर्यंतच सुटतो, वाळताना पानं एकमेकांना चिकटून ठोकळा होतो. तासाभरात पानं वेगळी करता येत नसतील तर तसाच ओला प्रोग्राम पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, सोडवायचं नंतर बघता येतं. न्यूजप्रिंटला दोन दिवसांची मुदत असते, म्हणून आधी प्रोग्राम, मग कात्रणं.

निळा_कोल्हा

तिकिटं स्कॅन झाली. दोन वाचता आली, एकावर फक्त रांग आणि खुर्ची उरलीय, तारीख नाही.

चारचारदोन

ते तिकीट रंगीत स्कॅन करा, मग संगणकावर निळा चॅनेल तेवढा वेगळा काढून कॉन्ट्रास्ट चढवा. थर्मलची उडालेली अक्षरं पिवळट डाग म्हणून उरतात, ती निळ्यात गडद दिसतात. तारीख नाही आली तरी प्रतिस्पर्ध्याच्या नावाची लांबी कळली तरी पुरे, घरचे सामने कपचे ते दोन धरूनही 21 च आहेत.